घरचा प्रश्न

ही गोष्ट खरी आहे हे पटवायला मी कुणाच्या पाया पडणार नाही. पटली तर ठीक, नाही तर सोडून द्या.

फक्त एवढं लक्षात ठेवा... त्या दिवशी बोटीवर वॉकीटॉकी माझ्या हातात होता.

मे महिन्यातला शनिवार होता, सकाळची वेळ. जागा म्हणजे आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं आमचं रॉसगारा. बोटीवर जे घडलं ते मी ऐकलं. पाण्यात जे घडलं ते माझ्या बायकोनं, नोरीननं, मला सांगितलं. ते तिनं सांगितलं तसंच सांगतो. पदरचं एक अक्षर घालत नाही.

मे महिन्यात आमचा समुद्र सगळ्यात लबाड असतो. वर ऊन पडतं, कुंपणांवर फुलं येतात, आणि पाणी मात्र हिवाळ्याचंच राहतं. हात बुडवला तर हाडं ठणकतात. अशा पाण्यात नुसत्या पोहायच्या कपड्यांवर उतरायचं आणि समोरच्या कॅरिग बेटापासून गावच्या धक्क्यापर्यंत पोहत यायचं, हे आमच्या गावाचं जुनं खूळ आहे. मी बेकरीवाला माणूस. बोटीत पाय ठेवला की मला मळमळतं. पण लग्नच या खुळाशी केलंय, आता सांगणार कुणाला.

पोहणाऱ्याच्या शेजारी एक जण कयाक, म्हणजे एका माणसाची अरुंद होडी, घेऊन असतो. वाट दाखवायला, दोरीला बांधलेली बाटली टाकून काहीतरी गरम पाजायला, आणि नजर ठेवायला. मोटरबोट लांबून येते, धूर तोंडात जाऊ नये म्हणून. नियम कडक आहे. पोहणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही. लावला की पोहणं बाद.

आणि मग असतो तो घरचा प्रश्न.

गार पाणी आधी बोटं खातं, मग डोकं. माणूस बुडेपर्यंत हसत सांगतो, मी मस्त आहे. म्हणून 'बरा आहेस ना' असं आमच्याकडे कुणी विचारतच नाही. उतरायच्या आधी पोहणारा कयाकवाल्याच्या कानात एक प्रश्न सांगतो, आणि त्याचं उत्तरही. घरातलंच काहीतरी, झोपेतसुद्धा चुकणार नाही असं. वाटेत कयाकवाला तो प्रश्न विचारतो. उत्तर चुकलं की खेळ संपला. बोट बोलवायची आणि माणूस उचलायचा. तो रडला, त्यानं शिव्या घातल्या, तरी उचलायचा.

नोरीनची आई ऊना अशीच उतरली होती. नोरीन तेव्हा सात वर्षांची होती. बेटावरून पोहत येणारी पहिली बाई म्हणून ऊनाचं नाव होणार होतं. धक्क्यावर बँड उभा होता. कयाकवर होता तिचा मामेभाऊ, कॉनल.

धक्का अगदी समोर आला असताना ऊना बुडाली.

पोहणाऱ्याचं काही सांगता येत नाही, हृदयच थांबलं असेल, असं सगळे म्हणाले. कारण त्याच्या जरा आधी कॉनलनं तिला प्रश्न विचारला होता. प्रश्न होता, नोरीनला शाळेतून कोण आणणार? ऊनानं बरोबर सांगितलं होतं, ब्रीड आणेल. ब्रीड म्हणजे नोरीनची मावशी. आणि वर म्हणाली होती, नोरीनला म्हणावं, टोपी घालायला विसरू नकोस.

हे कॉनलनं सांगितलं. पोरीला मांडीवर घेऊन सांगितलं, आणि पुढे कितीदा सांगितलं त्याला गणती नाही.

नोरीन आता चाळिशीत आहे. लोकरीची टोपी घातल्याशिवाय ती घराबाहेर पडायची नाही. लग्नातसुद्धा पांढरी टोपी होती. मी एकदा तिची चेष्टा केली. पुन्हा नाही केली.

तिचा बाप ग्लासगोला गेला तो तिकडचाच झाला. तिला वाढवलं ते ब्रीडमावशीनं आणि कॉनलमामानं. वल्हं हातात कसं धरायचं ते मामानं शिकवलं. लग्नात हात धरून तिला चर्चमध्ये आणली तीही मामानंच. तिच्यासाठी तोच आई, तोच बाप.

त्या वर्षी या मामाच्या डोक्यात खूळ शिरलं. साठी उलटलेली, समजावून समजावून डॉक्टरांनी हात टेकलेले, आणि हा म्हणतो, ऊनाचं राहिलेलं पोहणं मी पुरं करणार. बरं, त्यानं इतक्या वर्षांत या खाडीत पाय बुडवला नव्हता. पोहायचा तो डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावर. नोरीननं त्याला म्हातारचळ लागलाय म्हणून झाडला, अबोला धरून पाहिला. शेवटी म्हणाली, जायचंच असेल तर कयाकवर मी.

आदल्या दिवशी माझ्याजवळ बसून तिनं दोनदा तेच सांगितलं. "आईचं झालं ते मी मामाचं होऊ देणार नाही, फिन्टन. पोहणं पुरं होवो न होवो. मी त्याला जिवंत आणणार."

बेटावर उतरल्यावर तिनं कातडी सोलवटू नये म्हणून मामाच्या मानेला आणि काखांना चरबी चोळली. मामानं तिच्या कानात प्रश्न सांगितला आणि दोघं खो खो हसली. नोरीनच्या लग्नात टेबलावरून कोण पडलं? उत्तर होतं मॅलकी. हा मॅलकी आमच्या मोटरबोटीचा मालक. लग्नात टेबलावर चढून नाचला आणि पाय मोडून घेतला. ऊनाच्या दिवशीही बोट त्याचीच होती. आता सत्तरी उलटली तरी सुकाणू काही सोडत नाही. हसताय कशाला, म्हणून तो लांबूनच ओरडला.

मामा पाण्यात उतरला. पाणी काचेसारखं होतं.

मध्यावर काळ्या खडकांचा एक पुंजका आहे. तिथे बारा महिने सील पसरलेले असतात. पोहणारा दिसला की पाण्यात उड्या टाकतात आणि कुत्र्यांसारखे मागे लागतात.

त्या दिवशी खडक रिकामे होते...

एक सील नाही. वर एक पक्षी नाही.

मग धुकं उतरलं. दाट नव्हतं. आमची बोट नोरीनला पुसट दिसत होती, इतपतच. मामा उजवीकडे तोंड वळवून श्वास घ्यायचा, म्हणून ती त्याच्या उजव्या हाताला चालली होती. म्हणजे मामा तिच्या डावीकडे. त्याचे हात पाण्यात पडण्याचा आवाज एका लयीत येत होता आणि ती लय ऐकतच ती वल्हं मारत होती. हाताची लय ढिली पडली की समजायचं, थंडी आत गेली. मामाची लय चांगली होती.

जरा जास्तच चांगली होती.

एका हातामागे दोन आवाज येत होते...

धुक्यात आवाज घुमतो, तिनं मनाशी म्हटलं.

पाजायची वेळ झाली. तिनं हाक मारली, दोरीची बाटली त्याच्याकडे टाकली. मामा थांबला, उताणा होऊन प्यायला लागला.

हातांचा आवाज थांबला नाही...

तिच्या उजवीकडून येत होता. छप. छप. छप. मग थांबला.

तिनं मान वळवली. पाणी सपाट होतं. एक गोल लहर तेवढी कयाककडे येत होती.

"चल ना पुढे, गारठलो," मामा म्हणाला. तो पुन्हा पोहायला लागला. आणि त्याच क्षणी उजवीकडचे हातही पडायला लागले.

नोरीन काही भित्री बाई नाही. वादळात बोटी आणलेली पोर आहे ती. पण तेव्हा तिच्या अंगावर सरसरून काटा आला. कारण तिला आठवलं. आई डावीकडे तोंड वळवून श्वास घ्यायची, हे तिला मामानंच शिकवताना सांगितलं होतं. आणि डावीकडे श्वास घेणारा माणूस कयाकच्या उजव्या अंगाला असतो.

एक कयाक, आणि दोन्ही बाजूंना पोहणारे.

ती उजवीकडे बघेना. वल्हं मारत राहिली. टोपी कानांवर ओढून घेतली.

राखीव बाटली तिच्या उजव्या गुडघ्यापाशी असायची, दोरी कयाकच्या कडीला बांधलेली. थोड्या वेळानं गुडघ्याला काही घासलं म्हणून तिनं खाली पाहिलं.

दोरी पाण्यात चालली होती...

हळूहळू. ओढ नव्हती, झटका नव्हता. मग ती ताणली आणि तशीच राहिली. बाटली हातात धरून कुणी पीत असलं की ताणते तशी.

नोरीननं दोरी ओढून घेतली. बाटली हलकी लागली. आत थेंब नव्हता.

झाकण मात्र परत घट्ट लावलेलं होतं.

तोवर धक्क्याचा दिवा धुक्यातून दिसायला लागला होता. धक्क्याजवळच्या त्या पट्ट्याला गावात ऊनाचं पाणी म्हणतात. मामाची लय आता ढिली पडली होती. डावा हात तर पाण्यावर नुसता आपटत होता. तिला भीती बाजूला ठेवावी लागली. प्रश्नाची वेळ झाली होती.

"मामा, थांब. माझ्या लग्नात टेबलावरून कोण पडलं?"

मामा थांबला. ओठ निळे पडले होते. तोंड उघडलं, पण शब्द यायला वेळ लागत होता.

उत्तर उजवीकडून आलं...

बाईचा आवाज होता. थंडीनं जीभ जड झालेली, पण रागाचा नाही, चेष्टेचा नाही. अगदी साधं विचारल्यासारखा.

"कोण नोरीन?"

नोरीननं मामाकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्या पलीकडे बघत होता, कयाकच्या उजवीकडे. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं.

"हे नाही बोलायचं ऊना," तो म्हणाला. "हे आपल्या दोघांत ठेवायचं."

पाणी हललंसुद्धा नाही.

"काय दोघांत ठेवायचं, मामा?"

तिनं पुन्हा विचारलं. मग त्यानं सांगितलं. दात वाजत होते, एकेक शब्द तुटून येत होता, पण जे सांगायचं ते सगळं सांगितलं. त्यानं ऊनाला विचारलं होतं, नोरीनला शाळेतून कोण आणणार. आणि ती म्हणाली होती, कोण नोरीन? पोटच्या पोरीचं नाव तिच्या डोक्यातून गेलं होतं. तिथेच उचलायला हवी होती. तो तसं बोटीवर सांगणारही होता. पण धक्का दिसत होता, बँड वाजायला लागला होता.

"पहिली बाई म्हणून तिचं नाव झालं असतं."

"आणि तुझं?"

"आणि माझं," मामा म्हणाला.

"आणि टोपी?"

त्यानं डोळे मिटले. टोपी त्यानंच रचली होती. एवढ्याशा पोरीला काहीतरी द्यायला हवं म्हणून.

नोरीननं मला त्या क्षणाबद्दल काहीच लपवलं नाही. ती म्हणाली, मला त्याचा गळा धरावासा वाटला. मला वाटलं, मरू दे इथेच. आईला जसं सोडलं तसं याला सोडून मी वल्हं मारत घरी जावं. तिनं डोक्यावरची टोपी काढली आणि पाण्यात टाकून दिली.

टोपी उजवीकडे पडली. तरंगली नाही...

मामानं हात पुढे केला. "काढ मला, नोरीन. ती माझ्याजवळ येतेय."

आणि तरीही, राग उरात मावत नसताना, तिनं खांद्यावरचा वॉकीटॉकी तोंडाशी नेला. बटण दाबलं. म्हणाली, "उत्तर चुकलं. लवकर या, त्याला उचला."

ती बायबलावर हात ठेवून सांगते, ती हेच म्हणाली.

आता बोटीवर काय झालं ते ऐका.

मी कठड्याला धरून उलटी दाबत उभा होतो. मॅलकी मला, पीठ मळणारे हात समुद्रावर आणले की असंच होतं, म्हणून डिवचत होता. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. आणि स्वच्छ, शांत आवाज आला.

"उत्तर बरोबर. चालू द्या."

आवाज नोरीनचा होता. मी तिचा नवरा आहे. झोपेत कूस बदलताना ती हुंकारली तरी मी ओळखतो.

मला हायसं वाटलं. मॅलकीला सांगितलं, म्हातारा शुद्धीवर आहे, घे चहा ओत. तो चहा ओतेना. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. त्यानं छातीवर क्रुसाची खूण केली.

"असंच," तो म्हणाला. "अगदी हेच शब्द. कॉनल बोलला होता. याच ठिकाणी, ऊना जायच्या आधी."

मी म्हटलं, योगायोग असेल. पोहणारा शुद्धीवर असेल तर दुसरं काय बोलणार माणूस. आम्ही तिथेच थांबलो, इंजिन बंद ठेवून. उत्तर बरोबर होतं ना. मग मधे कशाला घुसायचं, त्याचं पोहणं कशाला बाद करायचं.

तिकडे नोरीन इंजिनाच्या आवाजाची वाट बघत होती.

आवाज आला नाही...

तिनं शिट्टी फुंकली. जीव खाऊन फुंकली म्हणते. आम्ही हाकेच्या अंतरावर होतो, आणि आम्हाला ऐकू आली नाही. शेवटी तिनं नियम गुंडाळून ठेवला आणि मामाचं मनगट धरलं. तिला तो पुरता उचलता येणार नव्हता, पण कयाकला टेकवून ठेवता आला असता. मामानं तिच्याकडे पाहिलं. ओळखून पाहिलं. त्याच्या बोटांनीही तिचं मनगट धरलं होतं.

आणि कयाक उजवीकडे कलली...

कुणीतरी पाण्यातून वर यायला काठ धरावा आणि अंगाचा भार टाकावा, तशी. एकदम खोल.

कयाक शिकवताना पहिला धडा हाच असतो. कललीस की त्या बाजूला वल्हं आडवं मार, विचार करत बसू नकोस. हा धडा तिला मामानंच दिला होता. शेकडो वेळा, अंगात भिनेपर्यंत. आणि वल्हं मारायला दोन हात लागतात.

तिनं मामाचा हात सोडला.

क्षणभरच. वल्हं पाण्यावर आपटलं, कयाक सरळ झाली, तिनं डावीकडे पाहिलं.

तिथे कुणी नव्हतं. बुडबुडासुद्धा नव्हता.

मग आम्हाला तिची किंकाळी ऐकू आली. ती मात्र साफ ऐकू आली.

मामा तीन दिवसांनी सापडला. दक्षिणेकडच्या कड्याखाली एक अरुंद कपार आहे, तिथे. भरतीचं पाणी तिकडे जात नाही, मॅलकी सांगतो. त्याच्या उभ्या आयुष्यात समुद्रानं तिथे दोनच माणसं आणून ठेवली. पहिली ऊना.

पोलिस आले, विचारपूस झाली. वॉकीटॉकीवर काय ऐकलं? मॅलकी पट्कन म्हणाला, नुसती खरखर होती, काही कळलं नाही. मग माझ्याकडे वळले. मीही म्हटलं, खरखर होती. अपघात म्हणून नोंद झाली. गावानं नोरीनला जवळ घेतलं. घराघरांतून केक आले, सूप आलं, मेणबत्त्या लागल्या. पोरीनं आधी आई गमावली, आता मामा, म्हणून बायका रडल्या.

नोरीन रडली नाही. टोपी घालायची मात्र तिनं सोडली. हिवाळ्यातही उघड्या डोक्यानं हिंडते.

मला ती तेव्हा काही विचारत नव्हती. मला वाटलं, बरंच झालं. मग एका संध्याकाळी मी भट्टी विझवून आत आलो तर ती टेबलाशी बसली होती. समोर दोन कप चहा ओतलेला.

"फिन्टन," ती म्हणाली, "मी बोलले ते तुम्हाला ऐकूच गेलं नाही, हे मला कळलंय. मॅलकीला काल जास्त झाली होती. तुम्ही काय ऐकलंत ते त्यानं सांगितलं. एवढंच सांग. आवाज कुणाचा होता? आईचा की माझा?"

मी काय सांगणार होतो? ऊना गेली तेव्हा मी तिकडे दक्षिणेत, कॉर्कमध्ये शाळेत होतो. ती बाई मी जन्मात पाहिली नाही. तिचा आवाज मला कुठून माहीत असणार. हे नोरीनलाही पक्कं ठाऊक आहे.

आणि जो आवाज मला माहीत होता, तो सांगायची माझी छाती झाली नाही. समोरची बाई त्या उत्तरावर उरलेलं आयुष्य काढणार होती.

"तुझ्या आईचा," मी म्हणालो.

नोरीन माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं कप उचलला, घोटभर चहा घेतला, आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"उत्तर बरोबर."

मी तिच्या शेजारी झोपतो, तिच्या हातचं जेवतो, आणि जीव आहे माझा तिच्यावर. पण ते दोन शब्द तिनं ज्या आवाजात म्हटले... तसा आवाज मी याआधी एकदाच ऐकलाय. बोटीवर.